डूमने खरी क्रांती केली, नो मॅन्स स्कायची नुसती हवा झाली

डूम १९९३ चा गेम, पण आज लावला तरी दोन मिनिटांत हात बसतो. वर-खाली नेम धरायची भानगडच नाही, राक्षस कठड्यावर उभा असला तरी त्याच्या रेषेत या आणि शॉटगन मारा, गोळी आपोआप वर जाते. मग शॉटगन पुन्हा खटक-खटक करून तयार होईपर्यंत तुम्ही बाजूला सरकायचं, सगळी मजा त्या सरकण्यात आहे. स्टोरी जवळपास नाहीच. पुढे पुढे लाल-निळ्या चाव्या शोधत भटकायला लागतं तेव्हा मात्र जाम कंटाळा येतो.

लोक डूमला रक्तपातासाठी लक्षात ठेवतात, पण मला विचाराल तर खरी करामत वॅड फाईलची. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने नकाशे, चित्रं, आवाज सगळं इंजिनपासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामपासून, वेगळं काढून या फाईलमध्ये ठेवलं, त्यामुळे कुणीही घरबसल्या स्वतःची लेव्हल बनवायला मोकळा, आणि लोकांनी ढिगाने बनवल्या. वर पहिल्या भागाच्या ९ लेव्हल्स शेअरवेअर म्हणून फुकट, बिनधास्त कॉपी करून मित्रांना वाटा. खेळणाऱ्याच्याच हातात गेम द्यायची ही रीत पुढे कुठवर गेली बघा, १९९९ मध्ये हाफ-लाइफ गेमचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच फेरफार करून बनवलेली आवृत्ती, म्हणून काउंटर-स्ट्राइक आला, ज्याच्यापायी आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी सायबर कॅफेत तासावर पैसे घातले, वॉरक्राफ्ट ३ गेममधून असाच डोटा निघाला, आणि पबजीवाला ब्रेंडन ग्रीनसुद्धा आधी आर्मा गेमचे मॉडच करायचा.

आता नो मॅन्स स्काय, अंतराळात ग्रहाग्रहांवर भटकायचा गेम. २०१६ मध्ये आला तेव्हा केवढा गाजावाजा, १८ क्विंटिलियन ग्रह, म्हणजे १८ वर १८ शून्यं! आणि उतरून करायचं काय, तर दगड फोडा, कार्बन गोळा करा, जागा भरली की टाकून द्या, पुढच्या ग्रहावर आकाशाचा रंग वेगळा आणि काम तेच. सुरुवातीला दोन खेळाडू एकाच जागी पोचले तरी एकमेकांना दिसत नव्हते, नीट मल्टिप्लेअर यायला २०१८ उजाडलं. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सने सगळे अपडेट फुकट दिले याचं मनापासून कौतुक, आता गेम खरंच चांगला झालाय, सेलमध्ये दिसला तर घ्या. पण क्रांती कसली? हे ग्रह कुणी हाताने बनवलेले नाहीत, कॉम्प्युटर फॉर्म्युल्यातून काढतो, आणि ते काम एलीट नावाच्या गेमने १९८४ मध्येच केलं होतं, ८ गॅलेक्सी, प्रत्येकीत २५६ ग्रह.

डूम पहिल्यांदा खेळणार असाल तर हर्ट मी प्लेंटी या मधल्या अवघडपणाच्या पातळीवर सुरू करा, त्याहून सोप्यावर राक्षस इतके कमी असतात की सरकायची वेळच येत नाही.