जुन्या फ्लाय रॉड-रीलचा भाव काढताना काय कामाला आलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

बांबूचे जुने फ्लाय रॉड (कृत्रिम माशीचा गळ फेकून मासे धरायच्या काठ्या) आणि त्यांच्या जोडीच्या, दोरी गुंडाळायच्या रील यांची किंमत काढायला मी गेले काही महिने ठरावीक गोष्टी वापरतोय: मोजपट्टी, भिंग, कॅलिपर, छापील किंमत-पुस्तिका आणि लिलावांचे जुने निकाल. यातली सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती म्हणजे मोजपट्टी.

बांबूच्या रॉडचा भाव टिपवर, म्हणजे सगळ्यात वरच्या बारीक तुकड्यावर ठरतो. तीन तुकड्यांच्या चांगल्या रॉडसोबत सहसा दोन टिप यायच्या आणि सगळे तुकडे जवळपास सारख्या लांबीचे असायचे. (मूठ वेगळी निघणारे जुने रॉड अपवाद, तिथे हा हिशेब जरा जपून.) मधल्या तुकड्यापेक्षा टिप दोन-तीन इंच आखूड भरली, तर ती कधीतरी मोडली आणि टोकाला नवी कडी बसवली, असं धरून चालायचं. नाव कितीही मोठं असो, भाव तिथेच उतरतो. विकणारा ‘दोन टिप, उत्तम स्थिती’ असं लिहितो तेव्हा तो फसवतोच असं नाही. बहुतेकदा त्याने मोजलेलंच नसतं. म्हणून सगळे तुकडे शेजारी शेजारी, खालची टोकं एका रेषेत ठेवून काढलेला फोटो मी आधी मागवतो. रॉड ठेवायची मूळ कापडी पिशवी आणि नळी सोबत असेल तर भाव वाढतो. नव्याने वार्निश करून मालकाने दोऱ्याच्या गुंडाळ्या बदलल्या असतील आणि बटवरची (मुठीकडच्या तुकड्यावरची) शाईतली मूळ अक्षरं गेली असतील, तर रॉड दिसायला देखणा होतो, पण संग्राहक हात आखडता घेतो.

रीलसाठी भिंग हवंच. पहिली नजर रीलच्या पायावर, म्हणजे रॉडला जोडायच्या पट्टीवर. दुसऱ्या रॉडच्या सीटमध्ये (रील बसवायच्या खोबणीत) बसावा म्हणून तो कानशीने घासलेला असणं फार सामान्य आहे, आणि ते नुकसान भरून येत नाही. मग स्क्रूच्या खाचा: कडा ओरबाडलेल्या असतील तर आत कुणीतरी हात घातलाय. हार्डी या इंग्लिश कंपनीच्या जुन्या रीलवरचा गडद मुलामा कुणी ‘साफ’ करून पितळ चकचकीत केलं असेल, तर तो चकचकाट विकणाऱ्याला महागात पडतो.

रीलवर कोरलेल्या सालाने तर हमखास गोंधळ होतो. ते साल पेटंटचं असतं, बनावटीचं नव्हे. अमेरिकन रील-निर्माते एडवर्ड व्हॉम होफ यांच्या रीलवर 1883 दिसलं म्हणून ती त्या साली बनली असं होत नाही. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं उमटत राहिला. इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक इथल्या हार्डी ब्रदर्सची ‘परफेक्ट’ ही रील 1891 पासून अनेक दशकं बनली, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. संग्राहक आतला चेक, म्हणजे टिकटिक करणारी यंत्रणा, बघून काळ ठरवतात आणि 1896, 1906, 1912 असे चेक सालाच्या नावानेच ओळखतात. तोंडचा भाग पितळी आहे का, हेही बघतात. मला या कामात खरा आनंद इथेच मिळाला.

किंमत-पुस्तिका नमुना ओळखायला छान, भाव सांगायला बेभरवशाची. छापून होईतो बाजार पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा विक्री पूर्ण झालेल्या बोली पाहाव्यात. मागितलेली किंमत ही फक्त इच्छा असते. तीच रील महिनोन्‌महिने त्याच आकड्याला पडून असलेली मी बघतो. पूर्ण झालेल्या विक्रीतही स्थिती जुळवल्याशिवाय तुलना करू नये, आणि लिलावगृहाचं कमिशन आकड्यात धरलंय की नाही तेही तपासावं.

वय म्हणजे मूल्य, ही समजूत लिलावांच्या निकालांनी पार धुऊन टाकली. मॉन्टेग्यू, होरॉक्स-इबॉटसन, साउथ बेंड या अमेरिकन कंपन्यांनी बांबूचे रॉड ढिगाने बनवले. बरेचसे आज जुने आहेत आणि स्वस्तही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून लाकडी पेटीत आलेले रॉडसंच तर भिंतीवर टांगायलाच बरे. फ्लूगरची ‘मेडलिस्ट’ रील मजबूत आणि वापरायला मस्त, पण तीही मुबलक. याउलट लिओनार्ड, पेन किंवा गॅरिसन या नामांकित रॉड-कारागिरांचा अस्सल, पूर्ण लांबीचा रॉड वेगळ्याच पंगतीत बसतो. असं काही हाती आलं तर माझी पद्धत पुरेशी नाही. तिथे बांबूच्या रॉडचा जाणकार किंवा मासेमारीच्या साहित्याचे लिलाव करणारी संस्था गाठावी, आणि त्याआधी रॉडला पॉलिशचं फडकंसुद्धा लावू नये.

कॅलिपर मात्र जवळजवळ पडूनच राहिला. रीलचा व्यास मोजायला आणि नवी टिप मागवताना फेरूलचं (तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीचं) माप द्यायला तो ठीक आहे. नवीन माणसाने तो पहिल्या खरेदीत घेऊ नये. ते पैसे चांगल्या भिंगात घालावेत.