समुद्राच्या वाळूतला चपटा कृमी की ओढ्यातला? मराठवाड्यातून प्रकल्प निवडताना

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की एम.एस्सी. प्राणिशास्त्राची मुलं-मुली प्रकल्पाचा विषय विचारायला येतात. चपट्या कृमींची शरीररचना घ्यायची इतकं ठरलेलं असतं, प्रश्न असतो कोणत्या कृमीची. मी परभणीत शिकवतो, इथून समुद्र म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरीही ओढ्यातल्या प्लॅनेरियासोबत मी समुद्राच्या वाळूतले दोन कृमी त्यांच्यापुढे ठेवतो : मॅक्रोस्टोमम आणि एसील.

प्लॅनेरियाचं थोडक्यात सांगतो. सावलीतल्या स्वच्छ वाहत्या पाण्यात दगड उलटला की खालच्या बाजूला चिकटलेला सापडतो. तुकडे केले तरी तुकड्यातुकड्याला नवं डोकं फुटतं, त्यामुळे पुनर्जनन हाच विषय असेल तर दुसरीकडे बघूच नका. पण अंग जाड आणि रंगद्रव्यानं काळपट. जिवंतपणी आतलं फारसं दिसत नाही. पॅराफिन मेणात बसवून मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढण्याच्या यंत्रावर, काप काढण्यातच महिने जातात.

मॅक्रोस्टोममचं उलट आहे. इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर सापडलेल्या ‘मॅक्रोस्टोमम लिग्नानो’ या जातीचं वर्णन 2005 साली झालं. लांबी दीड-दोन मिलिमीटर, सगळ्या देहात मिळून सुमारे 25,000 पेशी, आणि अंग काचेसारखं. थेंबभर समुद्रपाण्यात ठेवून कव्हरस्लिप अलगद टेकवली की कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली दोन डोळे दिसतात, डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शैवाल, खाऊन तपकिरी झालेलं पिशवीसारखं आतडं दिसतं, वृषणांची जोडी, त्यामागे अंडाशय आणि शेपटीत वाकडी सुई. ही सुई म्हणजे नर जननेंद्रियाचा कठीण भाग, आणि जाती ओळखायच्या त्या बहुतांशी तिच्या आकारावरून. कृमी उभयलिंगी असल्यानं एकाच स्लाइडवर दोन्ही संस्था रेखाटता येतात, त्याला न मारता.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती त्याच्या शेपटीची. तिथे चिकटण्याचे सुमारे 130 अवयव असतात आणि प्रत्येकात तीन पेशी. एक ग्रंथी डिंक सोडते, दुसरी पकड सोडवणारा स्राव देते, आणि तिसरी पेशी बारीक बोटांसारख्या सूक्ष्मांकुरांनी दोघींच्या तोंडांना आधार देते. लाट आली की वाळूच्या कणाला घट्ट धरायचं आणि ओसरली की क्षणात सुटायचं, हे त्यामुळे जमतं. वाळूतून कृमी नुसते धुऊन निघत नाहीत तेही याच पकडीमुळे. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणानं त्यांना गुंगी आणायची, वाळू ढवळायची, मगच वरचं पाणी बारीक जाळीतून गाळायचं.

एसीलला आतड्याची पोकळीच नसते. अन्न मधल्या मऊ पेशीसमूहात जिरतं. उत्सर्जनाच्या नलिकाही नाहीत. साध्या मायक्रोस्कोपखाली डोक्यात एक चमकता मणी दिसतो, तोल सांभाळणारा स्टॅटोसिस्ट, आणि बाकीचं अंग धूसर. खरं वैभव इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आहे. सिलिया म्हणजे अंगावरचे हलते सूक्ष्म केस. त्यांची जाडी जेमतेम 0.2 मायक्रोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची हद्द तिथेच संपते. साठ-सत्तर नॅनोमीटरच्या कापात मात्र आतली 9+2 मांडणी, म्हणजे कडेनं नऊ जोडनलिका आणि मधे दोन सुट्या नलिका, मोजता येते. एसीलच्या सिलियात टोकाशी चौथ्या ते सातव्या जोडनलिका आधीच थांबतात, त्यामुळे टोकाला पायरी पडते. सिलियांची मुळंही शेजाऱ्यांच्या मुळांशी गुंतलेली असतात. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत एसील अजून चपट्या कृमींतच आहे, पण 1999 पासून डीएनएच्या पुराव्यानं तो वेगळा काढला गेला. तोंडी परीक्षेत हे विचारतातच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हाताशी फक्त प्रकाशाचा मायक्रोस्कोप असेल तर मॅक्रोस्टोमम घ्या. दुसऱ्या संस्थेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर वेळ नक्की मिळालेला असेल, तरच एसील. तेव्हाही कृमी समुद्राच्या क्षारतेला जुळवलेल्या ग्लुटराल्डिहाइडमध्ये, म्हणजे पेशी आहे तशा टिकवणाऱ्या रसायनात, किनाऱ्यावरच घाला. पातळ द्रावणात पेशी फुगतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

राहिला आपला उन्हाळा. प्रयोगशाळेतला मॅक्रोस्टोमम 20 अंशांना वाढवतात, आणि आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. इन्क्युबेटर आणि वीज गेल्यावरची सोय नसेल तर निरीक्षणं नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. पहिल्या वर्षी माझे सगळे कृमी गेले ते उष्णतेनं नव्हे, मिठानं. कोरड्या हवेत पाणी उडत होतं आणि मी वरून समुद्राचंच पाणी घालत राहिलो. पाण्याच्या पातळीची खूण बशीवर करून ठेवा आणि उडालेलं पाणी डिस्टिल्ड पाण्यानं भरा, बोअरचं नको. आणि डायटमचं कल्चर कृमी आणण्याच्या दोन आठवडे आधी लावा, म्हणजे किनाऱ्यावरून आलेल्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी खायला असेल.