गीतमालेतली विसरलेली गाणी: यूट्यूब की तबकडी?

रेडिओवर हिंदी सिनेगाण्यांना नंबर देणाऱ्या बिनाका गीतमालेची पहिल्या नंबरची गाणी काय, रिक्षावाल्यालाही पाठ असतात, मजा आहे ती खालच्या पायदानावर, म्हणजे खालच्या नंबरावर, येऊन गेलेल्यांची.

यूट्यूबवर सोपंय. १९५३ पासूनच्या वार्षिक याद्या नेटवर मिळतात, एकेक नाव टाकायचं, ऐकायचं. पण दोन गाणी झाली की ते परत तेच घासून गुळगुळीत झालेलं लावतं, अन् आपण तेव्हा कांदा चिरत असतो, हात कोण पुसणार.

ग्रामोफोनच्या तबकडीचं वेगळं. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात (गीतमालापण बुधवारीच लागायची बरं का, रात्री आठला, रेडिओ सिलोनवर) भंगारातून एक ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) उचलली, काठ जरा उडालेला, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. घेतली हिट गाण्यासाठी, उलटी केली तर मागचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं, खरखर एवढी की मागे कोणीतरी भजी तळतंय, तरी आठवडाभर तेच डोक्यात. यादीत ते नाहीच, मग यूट्यूबवर शोधलं असतं तरी काय टाकून?

फक्त सुया सारख्या बदला, अन् घरचे म्हणतात परत कचरा आणला. म्हणून रोजचं यूट्यूब, बुधवारी मात्र पिशवी घेऊन गंगेवर.