वाढत्या ओळींचा फॉर्म: रिकामे कंस, क्रमांक की जेसन?

फॉर्मवर ‘आणखी एक जोडा’ हे बटण आलं, की किती फील्ड येणार हे सर्व्हरला आधी कळायची सोय उरत नाही. पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत) काम करणाऱ्यासमोर मग तीन वाटा असतात: नावापुढे रिकामे चौकोनी कंस, कंसात ओळीचा क्रमांक, किंवा सगळ्या ओळींचं मिळून एकच जेसन, म्हणजे सगळी माहिती ठरावीक रचनेत मांडलेला एक मजकूर. तिन्ही मी रोजच्या कामात वापरल्या आहेत.

नुसते फोन नंबर किंवा ईमेल गोळा करायचे असतील, तर फोन[] पुरतं. नवी ओळ म्हणजे जुनीची नक्कल, जावास्क्रिप्टला काही मोजावं लागत नाही.

एका ओळीत दोन-तीन फील्ड आली, आणि त्यात चेकबॉक्स असला, की मात्र डोकेदुखी सुरू होते. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. समजा वस्तू[] आणि तातडी[] अशी नावं आहेत, ओळी तीन, आणि टिक फक्त तिसरीवर. सर्व्हरवर वस्तू तीन पोचतात, तातडी एकच, तीही 0 या जागी. म्हणजे तातडीचा शिक्का पहिल्याच वस्तूवर बसतो. एरर येत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. चेकबॉक्सआधी त्याच नावाचं, 0 मूल्याचं हिडन (पानावर न दिसणारं) फील्ड ठेवायची नेहमीची युक्तीही इथे उलटते, कारण टिक केलेल्या ओळीची दोन मूल्यं येतात आणि घोळ वाढतो. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला: क्रमांक.

ओळ[2][तातडी] असं नाव दिलं की त्या ओळीचं सगळं एकाच अ‍ॅरेत (यादीत) येतं. हिडनची युक्तीही चालते, कारण एकच नाव दोनदा आलं तर पीएचपी शेवटचं मूल्य धरतं. मधली ओळ काढल्यावर 0 नंतर थेट 2 आला, तरी फॉरईचला, म्हणजे एकेक ओळ घेत जाणाऱ्या लूपला, फरक पडत नाही. व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) अडलं तर एरर नेमक्या ओळीखाली दाखवता येते. फक्त नवा क्रमांक उरलेल्या ओळी मोजून देऊ नका, वापरात असलेलाच क्रमांक पुन्हा मिळेल. नुसता वाढत जाणारा काउंटर ठेवा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधले फॉर्मसेटही (एकसारख्या फॉर्मचे संच) क्रमांकावरच चालतात, पण तिथे एकूण फॉर्मची संख्या सांगणारं हिडन फील्ड वाढवायचं राहिलं, तर जादा ओळी वाचल्याच जात नाहीत. त्या मानाने मला साधी पीएचपी सुटसुटीत वाटते.

जेसनची बाजू भक्कम होते ती ओळीच्या पोटात आणखी ओळी असतील तेव्हा, किंवा ओळी शेकड्यांत गेल्यावर. पीएचपीचं मॅक्स_इनपुट_व्हार्स, म्हणजे एका वेळी किती फील्ड स्वीकारायची ही मर्यादा, मुळात 1000 असतं. सहा फील्डच्या 200 ओळी म्हणजे 1200. हजाराच्या पुढची फील्ड एका वॉर्निंगनिशी गळून पडतात. जेसन मात्र एकाच फील्डमधून जातं. पण ओळीओळीला फाइल जोडायची असेल तर ती जेसनमध्ये सरळ बसत नाही, आणि चुकलेला फॉर्म परत भरून दाखवायचं कामही आपल्याच गळ्यात येतं. अशा वेळी मी बहुधा क्रमांकावरच राहतो आणि सर्व्हरवरची मर्यादा वाढवून घेतो.