चाळिशीतल्या विद्यार्थ्यांचा तबला: पुण्यातील एका वर्गाचे परीक्षण

मोठ्या वयात निव्वळ हौसेखातर वाद्य शिकू पाहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी शाळकरी मुलांच्या तुकडीत बसवले जाते आणि त्यांच्यासाठी आखलेला क्रम त्याच्याही पुढे ठेवला जातो. पुण्यातील ज्या तबलावर्गाला मी गेल्या पावसाळ्यापासून जाते, तेथे नोकरदार आणि निवृत्त मंडळींसाठी संध्याकाळची स्वतंत्र तुकडी आहे आणि तिच्यासाठी शिकवण्याची पद्धतही विचारपूर्वक बदललेली आहे.

सुरुवातीला बराच काळ केवळ पढंत, म्हणजे तबल्यावरच्या आघातांची अक्षरे (बोल) तोंडाने म्हणणे, करून घेतली जाते. त्रितालाच्या 16 मात्रा, त्यांतील पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवरची टाळी, नवव्या मात्रेवरची खाली (टाळी न देता हाताने दाखवायची जागा) हे सारे तोंडाने बोल म्हणत हातावर पक्के केले जाते. मोठ्या माणसांना हा हिशेब चटकन उमगतो, पण बोटे ऐकत नाहीत. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली ठेवून तर्जनीने चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या पट्टीवर, आघात करायचा असतो. नवशिक्याची अनामिका तर्जनीबरोबर उचलली जाते आणि स्वच्छ, टणक 'ना'ऐवजी भलताच घुमणारा आवाज निघतो. आमचे सर अशा वेळी लय वाढवू देत नाहीत. प्रत्येकाजवळ बसून, मनगट कोठे आखडते आहे ते पाहून, तोच एक बोल ते संथपणे पुन्हा पुन्हा वाजवून घेतात, आणि या बाबतीत त्यांच्या चिकाटीला तोड नाही. मांडी घालून तासभर बसणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी खुर्ची आणि तबला ठेवण्याचे स्टँड दिले जाते, हेही आवर्जून सांगण्यासारखे आहे.

6 मात्रांचा दादरा आणि 8 मात्रांचा केरवा येथे कायद्याच्या, म्हणजे ठरावीक बोलांचा विस्तार करत वाजवायच्या रचनेच्या, आधी शिकवतात. भजनाला किंवा भावगीताला साथ करता यावी एवढीच अनेकांची इच्छा असल्यामुळे हा क्रम आकर्षक वाटतो आणि तुकडीतला उत्साहही त्यामुळे टिकतो. मला स्वतःला मात्र कायदा फार उशिरा येतो असे वाटते. 'धा धा ते टे धा धा तीं ना' हा दिल्ली घराण्याचा साधा कायदा दोन्ही हातांना जी शिस्त लावतो, ती नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, वाजवून लागत नाही; ठेक्यातले कच्चे 'तीं' गाण्याच्या आवाजाखाली झाकले जाते, कायद्यात ते लगेच उघडे पडते.

वर्गातील वाद्यांची स्थिती समाधानकारक नाही. तबले वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेले असतात, पावसाळी हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडून त्यांचे सूर आणखी उतरतात आणि सगळे एकत्र वाजू लागले की आपला बोल बरोबर आला की नाही हे कानाला कळेनासे होते. गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या कातडी वेणीवर, हातोडीने ठोकून सूर जुळवण्यात तासाचा मोठा भाग खर्ची पडतो. हे काम वर्ग सुरू होण्यापूर्वी व्हायला हवे, ही तक्रार आम्ही केली आहे, पण अद्याप फरक पडलेला नाही.

परीक्षेच्या आग्रहाबाबतही माझे मत प्रतिकूल आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक'पासून 'अलंकार'पर्यंत चढत जाणाऱ्या परीक्षांना मान आहे आणि मुलांना त्यांचा उपयोगही होतो. तथापि कार्यालयातून थेट वर्गात येणाऱ्या माणसाला फॉर्म भरण्यासाठी वारंवार गळ घालणे हे या तुकडीच्या हेतूशी विसंगत आहे. सुदैवाने नकार दिल्यावर कोणी नाराज होत नाही.

शुल्क महिन्याला दीड हजार रुपये असून मिळणारे वैयक्तिक लक्ष पाहता ते वाजवी आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी याच वर्गाची ऑनलाइन तुकडीही चालते. तिच्यात प्रवेश घेणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात: आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे सरांबरोबर एकाच वेळी वाजवता येत नाही, आणि व्हिडिओ कॉलमधील गोंगाट कमी करणारी सोय बंद केली नाही, तर डग्ग्याचा (जोडीतल्या खर्ज आवाजाच्या मोठ्या वाद्याचा) आवाजच गोंगाट समजून कापला जातो.