बी.ई.२सी, १/७२ : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पहिल्या महायुद्धातल्या 'बी.ई.२सी' या ब्रिटिश विमानाचा १/७२ प्रमाणातला प्लास्टिक संच मी गेल्या हिवाळ्यात जोडला. जोडून झाल्याबरोबर अभिप्राय लिहिण्याचा मोह टाळला, कारण दुहेरी पंखांच्या विमानाचे मॉडेल कसे झाले हे ते कपाटात ठेवण्याच्या दिवशी कळत नाही. त्याच्या तारा पुण्याच्या पावसाळ्यातून ताठ बाहेर आल्या की नाही, हे पाहिल्यावर कळते. पेटीवरच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक त्या पेटीपेक्षा या जातीच्या सगळ्याच विमानांना लागू पडते.

प्रथम आकाराविषयी. १/७२ या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस एक इंच होतो. बी.ई.२सीच्या पंखांचा विस्तार ३७ फूट, म्हणजे मॉडेल साधारण पावणेसोळा सेंटिमीटर रुंद आणि साडेअकरा सेंटिमीटर लांब. विमान तळहातावर मावते आणि भाग मोजकेच असतात. त्यामुळे आठवड्याभरात उरकेल असे वाटते. प्रत्यक्षात प्लास्टिक जोडण्याचे काम एकूण कामाच्या निम्मेही नाही.

भागांची ठेवण चांगली आहे. पंखांवरच्या कापडाखालून बरगड्या दिसाव्यात तितपतच उठाव ठेवला आहे; जुन्या संचांत हा उठाव इतका ठळक असे की पंख उपाशी दिसत. पंखांची मागची कडा मात्र जाड आहे आणि ती पॉलिश पेपरने घासून पातळ करावी लागते. इंजिन म्हणजे हवेने थंड होणारे, आठ सिलिंडरांचे, ९० अश्वशक्तीचे 'आर.ए.एफ. १ए'. ते या विमानात बरेचसे उघडेच असल्याने त्यावर वेळ घालवणे सार्थकी लागते. बैठकींच्या आतले काम मी आटोपशीर ठेवले. वरचा पंख बसल्यावर पुढच्या बैठकीत डोकावणे जवळपास अशक्य असते, आणि तिथे घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे मला कौतुक आहे, अनुकरण करावेसे वाटत नाही.

ही पुढची बैठक मात्र या विमानाची सगळी कहाणी सांगते. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत एडवर्ड बस्क या तरुण अभियंत्याने विमानाच्या स्थैर्याचा अभ्यास केला आणि त्यातून बी.ई.२सी घडले. वैमानिकाने दांडा सोडला तरी ते सरळ उडत राही, त्यामुळे टेहळणी करणाऱ्याला निवांतपणे खाली पाहता येई. वैमानिक मागे आणि निरीक्षक पुढे, अशी बैठकींची मांडणी होती. १९१५ मध्ये जर्मनांचे फॉकर आइन्डेकर हे पुढे मशीनगन झाडणारे विमान आल्यावर हीच मांडणी जिवावर बेतली. मॉडेलच्या पुढच्या बैठकीभोवती खांब आणि तारा ओवून झाल्यावर निरीक्षकाला बंदूक वळवायला मोकळी दिशा जवळजवळ उरतच नाही, हे आपल्या हातांनाच कळते. वाचून हे माहीत होते. पण चिमटा आत घालायला जागा शोधताना ते जसे पटले, तसे वाचताना पटले नव्हते.

वरचा पंख बसवणे हा पहिला कठीण टप्पा. पंख एकमेकांच्या थेट वर नाहीत. वरचा थोडा पुढे आहे, आणि दोन्ही पंखांची टोके किंचित वर उचललेली आहेत. प्रत्येक बाजूला दोन-दोन खांबांच्या दोन जोड्या, शिवाय मधोमध चार खांब. सूचनापत्रकात सगळे खांब एकदम लावून पंख वर ठेवायला सांगितले आहे. मी ते मानले नाही. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून खालचा पंख त्यात बसवला, आधी मधले चार खांब चिकटवून ते रात्रभर वाळू दिले आणि मग बाहेरचे घेतले. घाई न करणाऱ्याला हा टप्पा एका सुटीच्या दिवसात जमावा. त्याआधी सगळे रंगकाम आणि तारांसाठीची छिद्रे पूर्ण हवीत, कारण नंतर ब्रशही पोहोचत नाही आणि ड्रिलही. छिद्रांसाठी हाताने फिरवायचे ड्रिल आणि ०.३ मिलिमीटरचे पाते पुरते. पाती मात्र जास्तीची आणून ठेवावीत.

आता तारा. एका बाजूचा हिशेब केला तरी कामाचा अंदाज येतो. खांबांमुळे प्रत्येक बाजूला दोन कप्पे पडतात. प्रत्येक कप्प्यात पुढच्या आणि मागच्या खांबांच्या ओळीत, उडताना पंख वर उचलले जाऊ नयेत म्हणून ओढून धरणाऱ्या तारा असतात, आणि त्या दुहेरी आहेत. जमिनीवर असताना पंखांचे वजन पेलणारी तार त्यांना छेदून जाते. म्हणजे एका बाजूला बारा. पुढच्या-मागच्या खांबांमधल्या फुल्या धरल्या की सोळा. दोन्ही बाजू, मधला भाग, चाकांचा सांगाडा, शेपटी आणि सुकाणूच्या तारा धरल्या तर आकडा पन्नासच्या बराच पुढे जातो. खऱ्या विमानात यातली एकही शोभेची नव्हती. लाकूड आणि कापडाचा तो सांगाडा उभाच मुळी तारांच्या ताणावर असे, आणि म्हणून तारांशिवायचे बी.ई.२सी मला अपुरे वाटते, बाकीचे काम कितीही सुबक असो.

मी मुद्दाम तीन प्रकारच्या तारा वापरल्या. पंखांमध्ये मॉडेलकामासाठी मिळणारा लवचिक धागा, शेपटीकडे जाणाऱ्या सुकाणूच्या तारांसाठी नायलॉनचा पारदर्शक बारीक धागा आणि चाकांच्या सांगाड्यात मेणबत्तीवर तापवून ओढलेली स्प्रूची, म्हणजे संचातले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिची, तार. तिन्हींचे पावसाळ्यानंतरचे निकाल अगदी वेगळे आले.

नायलॉनचा धागा लावताना सर्वांत सुबक दिसतो. ढिला राहिलाच तर विझवलेल्या उदबत्तीचे निखारलेले टोक जवळून फिरवले की आकसून ताठ होतो. परंतु नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि शोषताना लांबीने वाढतो. जुलैच्या मध्यावर शेपटीकडच्या तारा स्पष्ट झोल देऊ लागल्या. ऑक्टोबरच्या उन्हात त्या बऱ्याचशा सावरल्या, सगळ्या नाही. ज्या ठिकाणी जुलैतच पुन्हा उदबत्ती फिरवली होती, तिथे कोरडी हवा आल्यावर धागा गरजेपेक्षा जास्त ताणला गेला आणि शेपटीचा एक आडवा भाग किंचित वाकला. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी नायलॉनच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लवचिक धागा याच्या उलट वागला. लावताना तो थोडा त्रास देतो, कारण टोक चिमट्यातून निसटून मागे उडते. एक टोक सुपरग्लूने पक्के करून दुसरे हलकेच ओढून टेकवायचे असते. फार ओढायचे नाही, नाहीतर इतक्या तारा मिळून पंखाला पीळ देतात. पण एकदा बसला की बसला. सगळा पावसाळा जाऊन एकही तार सैल पडली नाही, आणि कपाट पुसताना कोपर लागले तरी तो नुसता दबतो आणि परत जागेवर येतो. खऱ्या तारेच्या मानाने तो जरा जाड दिसतो, एवढेच. सहा मिलिमीटरची तार या प्रमाणात केसाइतकी, जेमतेम ०.०८ मिलिमीटर व्हायला हवी.

ओढलेल्या स्प्रूला ओलाव्याची बाधा नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. मात्र ती काडीसारखी मोडते. चाकांच्या सांगाड्यातल्या छोट्या लांबीसाठी ती उत्तम. फेविकॉलच्या थेंबाने चिकटते आणि डाग राहत नाही. लांब तारांसाठी मी ती घेणार नाही.

सुपरग्लूविषयी एक सावधगिरी. दमट हवेत तो लवकर पकडतो आणि त्याच वेळी आजूबाजूला पांढरी धूसर कड उमटवतो, जी गडद रंगावर उठून दिसते. तारांचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केलेले बरे.

रंगाबाबत फार वाद घालण्यात अर्थ नाही. सुरुवातीची विमाने नुसत्या रोगण दिलेल्या फिकट पिवळसर कापडाची होती. १९१६ पासून वरच्या भागावर 'पी.सी.१०' हा संरक्षक रंग येऊ लागला. पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा हा रंग कोणत्या रोगणात कालवला आहे त्यानुसार कधी हिरवट तर कधी तपकिरी दिसे, तेव्हा हाताशी असलेली खाकीकडे झुकणारी हिरवी छटा पुरेशी आहे. डिकॅल, म्हणजे खुणांची चिकटवायची छापील चित्रे, पातळ आहेत आणि चकचकीत वार्निशच्या थरावर छान बसली. सुकाणूवरच्या पट्ट्यांची कड मात्र ऑगस्टमध्ये उचलली गेली आणि ती पुन्हा चिकटवावी लागली.

कोणत्या रूपात जोडावे याविषयी माझी पसंती रात्रीच्या एकबैठकी रूपाला आहे. आघाडीवर निकामी ठरलेले हे स्थैर्य इंग्लंडच्या अंधारात उपयोगी पडले. पुढची बैठक झाकून आणि वर झाडणारी लुइस मशीनगन बसवून ही विमाने जर्मन हवाईजहाजांच्या, म्हणजे हलक्या वायूने भरलेल्या अवाढव्य फुग्यांसारख्या यानांच्या, शोधात उडत. २-३ सप्टेंबर १९१६ च्या रात्री विल्यम लीफ रॉबिन्सन याने बी.ई.२सीमधून लंडनच्या उत्तरेला कफली गावावर 'एसएल ११' हे लाकडी सांगाड्याचे हवाईजहाज पेटवून पाडले. ब्रिटनच्या भूमीवर पडलेले ते पहिले जर्मन हवाईजहाज. रॉबिन्सनचा जन्म १८९५ मध्ये कुर्गमधल्या कॉफीच्या मळ्यावर झाला होता. आपल्याच बंदुकीने वरच्या पंखाचा मधला भाग फुटला आणि मागच्या तुळईत गोळ्या घुसल्या, असे त्याच्या अहवालात नमूद आहे. मॉडेलवर ती बंदूक बसवताना तिची नळी पंखाच्या किती जवळून जाते ते पाहिले की त्यात नवल वाटत नाही.

भारताशी दुसरा धागाही आहे, आणि दोन्ही बैठकींचे रूप निवडणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. ऑक्टोबर १९१५ मध्ये फार्नबरोला उभारलेली ३१ क्रमांकाची स्क्वाड्रन हीच विमाने घेऊन वायव्य सरहद्दीवरच्या रिसालपूरला आली. भारतीय आकाशात प्रथम, अशा अर्थाचे तिचे लॅटिन ब्रीद आहे. या विमानांच्या खुणांचे डिकॅल माझ्या पेटीत नव्हते. ते वेगळे मागवावे लागतील किंवा अंक हाताने रंगवावे लागतील.

खर्चाचा अंदाज घेताना संचाच्या किमतीवर जाऊ नये. लवचिक धागा, ड्रिल, पाती आणि वार्निश मिळून संचाहून जास्त रक्कम गेली, अर्थात हे सामान पुढच्या दोन-चार विमानांना पुरेल. बंद होणारी काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटीही त्याच वेळी घ्यावी. तारांवर बसलेली धूळ ब्रशने निघते, पण प्रत्येक सफाईत एखादी तार सुटते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवल्यापासून शेपटीच्या तारांचा झोलही थांबला आहे. ज्यांनी आजवर एकपंखी विमानेच जोडली आहेत त्यांनी बी.ई.२सीच्या आधी फॉकर आइन्डेकर घ्यावे. त्यालाही तारा आहेत, पण पंखांच्या वर आणि खाली त्या मोकळ्या असतात आणि चिमटा कुठेही अडत नाही.