नागपुरातली सॉइल टेस्ट: प्रयोगशाळा उजवी, बोअरची गाडी डावी

कॅलिब्रेशनच्या चिठ्ठ्या यंत्रांवर चिकटवलेल्या, चाळण्या धुतलेल्या, चाचण्या करणारी मुलं आपल्या कामात तयार. शहरातल्या या खासगी प्रयोगशाळेबद्दल तक्रार करायला आत शिरल्यावर फारसं काही सापडत नाही. तक्रार आहे ती माती तिच्या दारात येईपर्यंतच्या प्रवासाबद्दल आणि रिपोर्ट लिहिताना गाळलेल्या एका ओळीबद्दल. त्या दोन्हींमुळे पायाचा आकडा चौपटीने चुकू शकतो, म्हणून हा आढावा जरा तपशिलात.

काम नेहमीचंच. शहराच्या दक्षिणेकडच्या नव्या लेआउटमध्ये तळमजला अधिक दोन मजल्यांचं घर, दोन बोअर, महिना मे. वर पावणेतीन मीटर काळी कन्हार, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली बेसाल्ट. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या अगदी पूर्व काठावर आहे. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुना नाईस, कामठीकडे वालुकाश्म. त्यामुळे ‘शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे ना’ हा सल्ला या शहरात तर मुळीच ऐकू नये.

आधी बोअरची गाडी. ती प्रयोगशाळेची स्वतःची नाही, ठेक्यावर येते, आणि ते दिसतं. एसपीटी म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ठोकून किती ठोके लागतात ते मोजणं; ठोक्यांचा तो आकडा म्हणजे ‘एन’. हातोडा ६३.५ किलोचा, पडण्याची उंची ७५० मिमी. दोरीवर ओढणारा माणूस दमला की उंची सहाशेवर येते आणि ‘एन’ उगाच वाढतो, म्हणजे माती आहे त्यापेक्षा कडक दिसते. दांड्यावर ७५० मिमीची खडूची खूण मागा. खूण केली की काम सुधारतं, एवढं साधं आहे. ४५० मिमीपैकी पहिल्या १५० मिमीचे ठोके सोडून उरलेल्या ३०० मिमीचे मोजायचे असतात. इथल्या वहीत तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले होते, हे त्यांच्या बाजूने.

एसपीटीत ठोकतात त्या नळीतून, म्हणजे स्प्लिट स्पूनमधून, निघालेली माती वर्गीकरणापुरतीच. त्या नळीचा बाहेरचा व्यास ५०.८ मिमी, आतला ३५. म्हणजे आतल्या छेदाच्या मानाने बाजूला सारलेली माती ११० टक्के. ती पिळलेलीच निघते. ताकदीसाठी आणि फुगण्याच्या चाचणीसाठी पातळ भिंतीची नळी लागते, जिथे हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असावं. या गाडीवरची नळी आतून १०० आणि बाहेरून १०६ मिमी, म्हणजे १२.४ टक्के. एवढं चालवून घेता येईल. धार मात्र बोथट होती, दोन ठिकाणी आत वळलेली. अशी नळी ठोकली की कडेची माती घासून चकचकीत होते आणि मधली दाबली जाते. गाडी आल्या आल्या बोट फिरवून धार पाहा. खराब असेल तर बोअर सुरू होण्याआधी बदलून मागा, नंतर कोणी बदलत नाही.

खरी हानी मेणाची. नळीची दोन्ही तोंडं मेणाने बंद करतात, किमान २५ मिमी जाड. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उघड्या टेंपोत लोखंडी नळी ठेवली की मेण मऊ पडतं, कडेने सुटतं आणि नमुना वाळायला लागतो. काळी माती वाळली की नळीच्या भिंतीपासून आकसून दूर होते. प्रयोगशाळेत ती ‘सहज निघते’ आणि सगळे खूश होतात, पण सहज निघणं हीच वाळल्याची खूण. दुपारी दीडला काढलेल्या नळ्या संध्याकाळी सातला पोचल्या. ओलं बारदान आणि सावली एवढ्याने हे टळलं असतं. नळीवर साइट, बोअर क्रमांक आणि खोली होती, वरचं टोक कुठलं याचा बाण नव्हता. काळ्या मातीत फुटाफुटावर ओल बदलते, त्यामुळे बाणाशिवाय नमुना कुठल्या बाजूने कापला हे कळत नाही.

आता प्रयोगशाळा. इथून पुढे बरंचसं कौतुक आहे.

लिक्विड लिमिट, म्हणजे माती वाहायला लागते तेव्हाची ओल. कॅसाग्रँडच्या यंत्रात कटोरीतल्या ओल्या मातीत खाच पाडून कटोरी आपटतात; ती बरोबर १० मिमी पडायला हवी. झिजलेल्या यंत्रात ती जास्त पडते, खाच लवकर मिटते आणि लिमिट कमी येतं, म्हणजे माती आहे त्यापेक्षा कमी चिकट दिसते. इथे रोज सकाळी खाच पाडायच्या हत्याराच्या मागच्या ठोकळ्याने उंची तपासतात. माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून घेतलेली, ओव्हनमध्ये न भाजता हवेवर वाळवलेली. १०५ अंशांवर भाजलेली काळी माती पाणी पुन्हा पूर्वीसारखं धरत नाही. पाणी घालून कालवल्यावर हवाबंद डब्यात २४ तास मुरवत ठेवतात, घाईच्या जागी हा दिवस पहिला कापला जातो, इथे कापत नाहीत. सेकंदाला दोन ठोके, चार वाचनं १५ ते ३५ ठोक्यांच्या दरम्यान, खाच १२ मिमी मिटल्यावर थांबायचं, आणि २५ ठोक्यांवरची ओल आलेखावरून वाचायची. आकडा आला ७२. प्लास्टिक लिमिट, म्हणजे मातीचा ३ मिमीचा दोरा वळताना तुटतो तेव्हाची ओल, ३०. फरक ४२. म्हणजे वर्ग सीएच, भरपूर चिकट. कन्हारीकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

फ्री स्वेल, म्हणजे मोकळी सोडलेली माती पाण्यात किती फुगते, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी. १० ग्रॅम सुकी माती एका सिलिंडरमध्ये पाण्यात, दुसऱ्यात केरोसीनमध्ये, किमान २४ तास. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून तीच फूटपट्टी. पाण्यात २१ मिली, केरोसीनमध्ये १०, म्हणजे ११० टक्के. भारतीय मानकाच्या तक्त्यात ५० पर्यंत कमी, १०० पर्यंत मध्यम, २०० पर्यंत जास्त आणि त्यापुढे फार जास्त. ही माती तिसऱ्या घरात पडते. दोन गोष्टी इथे नीट होत्या: काचेच्या कांडीने ढवळून बुडबुडे काढले होते आणि पाणी डिस्टिल्ड होतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम फुगणं दाबून टाकतं, आकडा सुखद येतो आणि फरशी दोन पावसांत उचलते.

स्वेलिंग प्रेशरवर जरा थांबू, कारण घराला तडे देणारा आकडा हाच. ६० मिमी व्यासाच्या, २० मिमी उंच कड्यात नमुना कापून बसवतात, वरखाली सच्छिद्र चकती, खालून पाणी. माती वर यायला बघते, यंत्र तिला येऊ देत नाही, आणि न येऊ देण्यासाठी जेवढा जोर लागला तो प्रोव्हिंग रिंगवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या कड्यावर, वाचतात. डायल गेजचा काटा एका घराने, म्हणजे ०.०१ मिमीने हलला तरी लगेच खाली आणायचा. या मातीला पूर्ण जोर यायला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडा. गोची अशी की यंत्र हाताने चालवायचं आहे आणि रात्री तिथे कोणी नसतं. प्रोव्हिंग रिंग स्वतः थोडी दबते, तेवढी माती फुगून घेते आणि दाब हळूच निघून जातो. वहीत पहिल्या रात्रीनंतरचं वाचन ०.११ मिमी वर होतं. म्हणजे अकरा घरं. सकाळी काटा खाली आणला, पण एकदा फुगलेली माती दाबून पूर्वस्थितीला जात नाही. रिपोर्टात १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलंय. त्याला किमान आकडा समजावं, कमाल नाही.

तेवढाही काय करतो बघा. १.५ किलो म्हणजे चौरस मीटरला १५ टन. २३० मिमी रुंद, ४ मीटर लांब प्लिंथ बीम थेट काळ्या मातीवर टेकवला तर खालून जोर १३.८ टन. त्यावरची ३ मीटर उंच विटांची भिंत जेमतेम ५ टन. भिंत हरते. म्हणून बीमखाली पोकळी ठेवतात आणि फरशीखालची काळी माती काढून न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर दाबून घेतात. सध्या मात्र बहुतेक जण रिपोर्टात एसबीसी, म्हणजे जमीन सुरक्षितपणे किती भार पेलेल तो आकडा, वाचतात आणि पान उलटतात.

आता ती गाळलेली ओळ. अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशन म्हणजे बाजूने आधार न देता नमुना वरून दाबून फोडणं. नमुना ३८ मिमी व्यासाचा, ७६ मिमी उंच. ताकद आली ३.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चांगली वाटते. पण चाचणीच्या वेळी ओल किती होती, हे तक्त्यात नाही. मूळ वही मागितल्यावर कळलं: १६ टक्के. उन्हाने वाळलेली कन्हार विटेसारखीच असते, ताकद दाखवणारच. दुसरा नमुना साच्यातच फुगू न देता भिजवून दाबायला सांगितला (वेगळं बिल लागलं), तर आकडा ०.७. कोहेजन, म्हणजे मातीची चिकटून राहायची ताकद, त्याच्या निम्मं. चौकोनी फुटिंगला (खांबाखालच्या पायाला) आकाराचा गुणक १.३, भार पेलण्याचा गुणक एनसी ५.१४, सुरक्षा गुणक २.५ धरून नुसत्या कोहेजनवर हिशेब केला तर पहिल्या नमुन्याने चौरस मीटरला सुमारे ४३ टन आणि दुसऱ्याने ९. माती तीच, प्लॉट तोच. रिपोर्टातला एसबीसी कोरड्या नमुन्यावरून काढून वरून ‘अनुभवाने’ कमी केलेला होता. अनुभव चांगली गोष्ट आहे, पण तो तक्त्यात लिहिता येत नाही.

म्हणजे उन्हाळ्यात काढलेली माती फुगण्याची चाचणी करायला उत्तम, ताकदीसाठी तशीच वापरली तर घातक. पावसाळ्यातल्या मातीचं उलट: ताकद खरी दिसते, फुगणं कमी दिसतं कारण ती आधीच फुगलेली असते. प्रत्येक आकड्याशेजारी ओल लिहिली की हा घोळ राहत नाही. या प्रयोगशाळेला ती माहीत असते, वहीत असतेही, फक्त छापली जात नाही.

काळ्या मातीत जुन्या घसरणीच्या चकचकीत रेषाही असतात. नमुना त्या रेषेवर फाटला तर ताकद फार कमी येते. इथे तुटलेल्या नमुन्याचं रेखाचित्र काढून ठेवतात, ही सवय मला फार आवडली.

मुरमाबद्दल थोडक्यात. त्यातून अबाधित नमुना निघत नाही, एसपीटीला तो ५० ठोक्यांत अडवतो, आणि प्रयोगशाळेत त्याचं फार काही होत नाही. फुटिंग मुरमावर न्यायचं ठरलं तर जागेवर प्लेट लोड टेस्ट (प्लेट ठेवून तिच्यावर भार देऊन) घ्यावी. खडक लागला म्हणून बोअर थांबवू देऊ नका. बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मधे गोटे उरतात, गोट्याला खडक म्हणणारे बरेच आहेत. दोन-तीन मीटर आणखी खाली जाऊन कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) घ्या. इथे एका बोअरमध्ये ७० सेंटिमीटर खडकानंतर पुन्हा मुरूम निघाला.

सीबीआर, प्रॉक्टर वगैरे रस्त्यांची कामं इथे भरपूर येतात आणि त्या खोलीत गडबड नाही. चार दिवस भिजवण आहे, ९६ तासांची नोंद लावलेली आहे, भिजताना किती फुगलं तेही लिहितात. घर बांधणाऱ्याला त्यांची गरज नाही. कोटेशनमध्ये सीबीआर दिसला तर काढायला सांगा.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का आहे, पण तो चाचणीनिहाय असतो. प्रमाणपत्रासोबतची स्कोपची यादी मागितली तर लगेच देतात. लिमिट आणि चाळणी विश्लेषण यादीत आहेत, स्वेलिंग प्रेशर नाही. नसलं म्हणजे चाचणी वाईट असं नाही, पण त्या पानावर शिक्का नसणार हे आधी माहीत असावं.

वेळ १२ दिवस सांगतात, १७ लागले. कन्सॉलिडेशन (भाराखाली माती किती खचते ती चाचणी) असेल तर आणखी, कारण प्रत्येक वजन २४ तास ठेवून दुप्पट करत जावं लागतं. तीन दिवसांत सगळा रिपोर्ट देणाऱ्याने कन्सॉलिडेशन केलेलंच नसतं.

कोटेशनमध्ये चार ओळी हाताने लिहून घ्या: प्रत्येक नमुन्याची चाचणीवेळची ओल, ताकद भिजवलेल्या नमुन्यावरही, फ्री स्वेल आणि स्वेलिंग प्रेशर वरच्या साडेतीन मीटरमधल्या किमान दोन वेगवेगळ्या खोलीच्या नमुन्यांवर, मूळ वाचनांच्या पानांची प्रत. नळ्या त्यांच्या टेंपोत न देता ओल्या बारदानात गुंडाळून आपल्या गाडीतून न्याव्यात. गाडी स्वतःची ठरवली तर बोअरच्या बिलातून वाहतूक वजा करतात, विचारावं लागतं. उरलेले नमुने एक महिना जपून ठेवतात आणि मग टाकून देतात, तेव्हा इंजिनिअरने रिपोर्ट महिन्याच्या आत वाचलेला बरा.